कॅसेट क्रमांक तीन, कायम जतन

रविवार, १ जून २०२५. सकाळी ७.१०

नवीन वही. जुन्या वहीत २ जानेवारीनंतर मी काही लिहिलं नाही. नीताने मागच्या पानांवर नागलीच्या पापडांचं प्रमाण लिहून ठेवलं, त्यामुळे ती वही आता स्वयंपाकघरात असते.

काल नीताने कपाट आवरलं. आवरलं म्हणजे माझ्या वस्तू बाहेर काढल्या. त्यात चार व्हिडिओ कॅसेट निघाल्या. म्हणाली, अहो, एकतर लावा, नाहीतर टाका. बायकोला वारसा वगैरे शब्द सांगून उपयोग नसतो.

ऑफिसात सध्या सगळं रेकॉर्ड स्कॅन करायचं चाललंय. एकवीस वर्षं मी अभिलेख कक्ष सांभाळतोय. म्हणजे मोखाड्यात कागद कसा जपायचा हे कळणारा माणूस एकच. तो घरी आला की त्याला कॅसेट टाका म्हणतात.

संकल्प: चारही कॅसेट डिजिटल करून पुढच्या पिढ्यांसाठी जतन करणे. रोज पहाटे साडेपाचला उठून एक तास. दिवाळीपर्यंत पूर्ण.

सोमवार, २ जून. ८.४०

साडेपाचला उठलो होतो. पण डोळे मिटून योजना आखत होतो. नीता म्हणते घोरत होतात. मोखाड्याची जीप चुकली.

रविवार, ८ जून

कॅसेटना क्रमांक दिले. एक, आमचं लग्न, १९९७. दोन, हर्षदाचं बारसं. तीन, वांगणीची दिवाळी, १९९९. चार, माझा निरोप समारंभ, २००२. (चार महिन्यांत बदली रद्द होऊन परत आलो. पण भाषणं उत्तम झाली होती. तीन जणांना रडू आलं, त्यांतला एक मी.)

पहाटेचा तास आता रात्रीच्या जेवणाआधी केला आहे. शरीराला लय सापडली की झालं.

रविवार, १५ जून. वांगणी

आईकडे आलो. भाऊ नवशा आणि आई इथेच राहतात. मी जव्हारला फ्लॅट घेतला तेव्हा आईला न्यायला आलो होतो, तिने एक रात्र काढली आणि म्हणाली की इथं कोंबडा आरवत नाही, सकाळ कशी कळायची.

तिला प्रकल्प समजावून सांगितला. डिजिटल, जतन, भावी पिढ्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिवाळीची कॅसेट आहे का त्यात. आहे म्हटल्यावर माझा हातच धरला. म्हणाली, "हऱ्या, ती लाव. तुझ्या बाचा तारपा आयकायचा मना. डोलं तं चाललं माझं, कान हायत अजून."

बाबांचा तारपा ही वांगणीत मोठी गोष्ट होती. दुधीचा तुंबा, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, आणि बाबा एकदा फुंकायला लागले की दम तोडायचे नाहीत. माणसं फेर धरून दमायची, पुंजा (बाबांचं नाव) दमायचा नाही. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. तारपा भिंतीला टांगलेला होता, तो पुढच्या दोन पावसाळ्यांत किडला. वाजवायला कुणी शिकलं नाही. मला शिकवायला बसले होते एकदा, पण तेव्हा माझी दहावी होती.

असो. आईचा प्रकल्पाला भक्कम पाठिंबा आहे. मात्र तिला समजावलं की कॅसेट लावली की झिजते, म्हणून डिजिटल होईपर्यंत कुणी लावायची नाही. जतन म्हणजे शिस्त. ती "बरा" म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, कधी लावशील.

मंगळवार, २४ जून

ऑफिसात काम कमी होतं. कौटुंबिक रेकॉर्डचं वर्गीकरण केलं. आमच्याकडे प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम जतन. ब, क मधले. ड म्हणजे काम संपलं की वर्षभरात नष्ट. लोक काय करतात, सगळंच ठेवतात. मग वाळवी लागते आणि अ पण जातो. ठेवायचं काय हे कुणालाही कळतं, टाकायचं काय हे रेकॉर्डच्या माणसाला कळतं.

डिजिटल प्रत: वर्ग अ. मूळ कॅसेट: डिजिटल झाल्यावर वर्ग ड. तसा शेरा लिहून तारीख टाकली, सही केली. घरच्या कामालाही सही असावी.

रविवार, ६ जुलै

कमलेशकडे गेलो. जव्हारमध्ये लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे त्याचं, तालुक्यात चालू व्हीसीआर फक्त त्याच्याकडे. मुलगा बरा आहे, मला भाऊसाहेब म्हणतो. कॅसेट बघून म्हणाला, बुरशी आहे थोडी, साफ करून घेतो, पण एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई होत नाही. मी म्हटलं घाई कुणाला आहे, इथे शंभर वर्षांचा विचार चालू आहे. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. प्रभाव पडला असावा.

फाइलींना नावं काय द्यायची त्याचा नमुना लिहून दिला: कौटुं/चित्र/१९९९/०३/मूळ/अ. हर्षदाला नाशिकला फोन करून सांगितलं. ती लॅबमध्ये काम करते, म्हणजे पद्धतशीर असायला हवी. म्हणाली, पप्पा, "दिवाळी" लिहा ना सरळ. पुढच्या पिढीचं हे असं आहे. त्यांच्यासाठीच हे चाललंय.

रविवार, १३ जुलै

प्रत्येक चित्रफितीच्या आधी माझं प्रास्ताविक असावं असं सुचलं. नाहीतर २१२५ साली बघणाऱ्याला कळणार कसं, हे सगळं कुणी केलं? मोबाइलवर रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं झालं. त्यात थोडं माझं शिक्षण, थोडी सेवा. नीताला दाखवलं. तिने तिसऱ्या मिनिटाला कुकर लावायला उठून जाणं पसंत केलं. कुकर आधीच लावलेला होता.

मंगळवार, २२ जुलै. दुपारी ३

आई डोळे दाखवायला जव्हारला आली. नवशाने आणलं. डॉक्टर म्हणाले दोन्ही मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशन करा. आई म्हणाली भात लावून झाल्यावर बघू. ऐंशीच्या घरातली बाई भात कुठे लावते, पण डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, त्यांनी मान डोलावली.

बाराच्या सुमारास कमलेशचा फोन. तीन नंबरची कॅसेट चालू आहे म्हणाला, कॉपी होतेय, आवाज पण मस्त घुमतोय दुकानात, आजी आल्यात ना, घेऊन या, तेवढ्यात बघतील.

हॉस्पिटलपासून दुकान चार मिनिटांवर. मी नको म्हटलं. एक तर चिखल. दुसरं म्हणजे अर्धवट, कच्चं, साफ न केलेलं काम पहिल्यांदा आईला दाखवायचं? प्रास्ताविक न जोडता? ऑफिसात आम्ही कच्ची टिपणी वरिष्ठांना दाखवत नाही. आईला म्हटलं, दिवाळीला वांगणीत टीव्हीवर सगळ्या पाड्यासमोर दाखवतो. आईने विचारलं, आत्ता वाजतोय का तो तिथं? हो म्हटलं, पण कच्चा. ती स्टँडवर जीपमध्ये बसेपर्यंत त्याच दिशेला तोंड करून होती. तिला दिसत तर काहीच नाही.

 

बुधवार, २३ जुलै. सायं. ६

कमलेशचा पुन्हा फोन. म्हणाला, भाऊसाहेब, तीन नंबरला तुमच्या आवाजामागे एक सलग घूंऽऽ चालू आहे, जवळजवळ पूर्ण कॅसेटभर. तुमचं बोलणं दबलंय. नवीन सॉफ्टवेअर आलंय, ते माणसाचा आवाज तेवढा ठेवतं आणि बाकीचा गोंगाट उडवतं. उडवू का? की राहू दे?

ताबडतोब लक्षात आलं. तेव्हा पाड्यावर लाइट नव्हती, शूटिंगसाठी मी जनरेटर नेला होता. त्याचीच घरघर. माझी स्मरणशक्ती या वयातही अशी आहे. तोंडी काही मान्य करायचं नाही हा माझा नियम, म्हणून व्हॉट्सअॅपवर लेखी दिलं: "मान्य. पार्श्वभूमीचा गोंगाट पूर्णपणे काढण्यात यावा."

त्याने विचारलं, नक्की ना भाऊसाहेब? या पोरांना निर्णयक्षमता नसते.

रविवार, ३ ऑगस्ट

फाइली मिळाल्या! तपासणी केली. आमच्याकडे नमुना तपासणी असते, सगळं बघायचं नसतं. प्रत्येक चित्रफितीची पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं.

तीन नंबर तर अप्रतिम. १९९९ साली मी खांद्यावर तो जड कॅमेरा घेऊन शूटिंग करत होतो आणि त्याच वेळी समालोचनही करत होतो. दोन्ही एकदम. सुरुवातीला माझं निवेदन: "नमस्कार. आज वाघबारस. आपण वांगणी येथे उपस्थित आहोत." काय खणखणीत! काल बोलल्यासारखं. शेवटी माझं आभारप्रदर्शन. तेही खणखणीत. घरघर नाही, खरखर नाही. मधलं नीताचा फोन चालू होता म्हणून आवाज बंद करून पुढे पळवत पाहिलं. बाबा दिसले. गाल फुगलेले, मान थोडी वाकडी, डोळे मिटलेले. एकदम समोर आले हो. थोडा वेळ तिथेच थांबवून ठेवलं होतं.

शेरा: तपासले, बरोबर आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

कमलेश म्हणाला, आवाज साफ न केलेली जुनी फाइल पण माझ्याकडे आहे, देऊ का? नको म्हटलं. एकाच चित्रफितीच्या दोन प्रती, दोन्हींत तफावत. उद्या कुणी विचारलं, खरी कोणती? अशा तफावतीवर लोकांच्या पेन्शनी अडकल्यात. लेखी कळवलं की अधिकृत प्रत एकच राहील, कच्ची फाइल पुसून टाकून तसा अहवाल द्यावा. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेच अहवाल म्हणून धरलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, जिलेबी झाली. तीन प्रती पूर्ण. एक हार्ड डिस्क, तिला ऑफिससारखं लाल फडक्यात बांधलं, वर चिठ्ठी. एक पेन ड्राइव्ह नागलीच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून. एक इंटरनेटवर. हर्षदा म्हणाली पप्पा पासवर्ड लिहून ठेवा. लिहून ठेवला. कुठे, ते सुरक्षेसाठी इथे लिहीत नाही.

नवशाच्या फोनवरून आईचा फोन. झाला का? झालं म्हटलं. मग लाव ना फोनवर, आयकते. समजावलं की फोनवर दर्जा जातो. इतकं केलंय ते काय फोनच्या डबड्यातून ऐकायला? दिवाळी दोन महिन्यांवर आली. तिने नवशाला फोन परत दिला. नवशा म्हणाला, दादा, म्हातारी रोज विचारतं.

उत्सुकता टिकून आहे, चांगली गोष्ट आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

वंशजांना पत्र लिहायला घेतलं. "सन २१२५ मधील प्रिय वंशजांनो." तिथेच दीड तास. त्यांना मराठी येत असेल का? नीता म्हणाली, आधी तुम्ही आईंना दाखवा, वंशज थांबतील. मी म्हटलं आई कुठे पळून चालली आहे. नीता भांडी घासायला गेली. भांडी जरा जास्त आवाज करत होती.

पेन ड्राइव्ह सापडत नाही. नागली दळून आणली तेव्हा डबा रिकामा केला होता. गिरणीत विचारलं. नाही. हर्षदाकडून दुसरा मागवला. म्हणजे दोन प्रती तर आहेतच. इंटरनेटवरच्या प्रतीचा पासवर्ड ज्या वहीत लिहिला ती नीताने स्वयंपाकघरात नेलेली वही असावी. ते पान पापडांच्या पिठाने चिकटलंय. म्हणजे एक प्रत. एक पुरेशी असते, मजबूत असली की.

रविवार, २१ सप्टेंबर

नवशा आला. नागली पोटरीला आलीय, पाखरं उतरतात म्हणाला. "दादा, त्या जुन्या कॅसेटी देशील का? त्यांची पट्टी शेतावर ताणली ना, का वारा लागला का घुमतं. पाखरू बसत नाय." दरवर्षी तो कुणाकुणाकडून गाण्याच्या बारीक कॅसेट आणतो. ही व्हिडिओची रुंद पट्टी, जास्त चांगली चालेल म्हणे.

वर्ग ड, काम संपलेलं, नष्टीकरण प्रलंबित. इकडे नवशाला गरज. दोन्ही बाजूंनी समाधानकारक निपटारा. चारही कॅसेट दिल्या, वहीत पोच घेतली. नवशा सही करताना म्हणाला, ह्यात बाबा होता ना? मी हार्ड डिस्कचं लाल गाठोडं दाखवलं. बाबा आता इथे आहेत. त्याने गाठोडं हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, बरा.

हे लिहिताना फार हलकं वाटतंय. रेकॉर्ड रूम स्वच्छ झाल्यावर वाटतं तसं.

रविवार, ५ ऑक्टोबर

कार्यक्रमाची रूपरेषा. शुक्रवारी, १७ तारखेला, वाघबारस, म्हणजे दिवाळीचा पहिला दिवस. दुपारी चार वाजता, नवशाच्या ओसरीत. प्रास्ताविक (अकरा मिनिटं). कॅसेट तीन. मग बाकीच्या तीन, वेळ उरल्यास. अध्यक्ष आई. आईला भाषण येणार नाही, तेव्हा अध्यक्षीय समारोप मीच करीन.

बहुतेक पाडा ऑक्टोबरनंतर कामाला बाहेर जातो, भिवंडी, वसईकडे. त्याआधी सगळे येतील. नवशा म्हणाला, म्हातारीने सगळ्यांना सांगितलंय, पुंजाचा तारपा वाजायचा हाय. पलीकडच्या पाड्यावरून रुपी आजीही येणार. ती आईबरोबर फेरात नाचायची.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

हार्ड डिस्क, वायर, जादा वायर, जादा वायरीची वायर. नवा पेन ड्राइव्ह. भाषणाचा कागद. नीताने विचारलं, अहो, एकदा पूर्ण लावून बघितलंत का? मी म्हटलं, नमुना तपासणी झाली आहे. ती म्हणाली, म्हणजे नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर. सकाळी ६

काल काही लिहिलं नाही. क्रमाने लिहितो.

ओसरी भरली होती. खळ्यातही माणसं उभी. रुपी आजीला दोघांनी धरून आणलं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती टीव्हीच्या इतक्या जवळ बसली की मी म्हटलं आई, डोळे बिघडतील. ती म्हणाली, अजून काय बिघडायचा राहलाय त्यांचा. आणि कान टीव्हीकडे केला.

प्रास्ताविक लागलं. चौथ्या मिनिटाला पोरं बाहेर गेली. हे अपेक्षित होतं.

मग कॅसेट तीन. माझं निवेदन. "आज वाघबारस." लोकांनी ओळखीची माणसं दिसली की नावं घेतली. मेलेली बरीच. आणि मग बाबा आले. तारपा तोंडाला लावला, गाल फुगले. फेर सुरू झाला. पाय पडताहेत, बायांचे हात कमरेत, धूळ उडतेय.

आवाज नाही.

मला वाटलं वायर. वायर हलवली. आवाज वाढवला. तेवढ्यात टीव्हीतून मी मोठ्याने ओरडलो, "आपण पाहत आहात तारपा हे पारंपरिक वाद्य!" सगळे दचकले. पुन्हा शांत. बाबा फुंकतायत, फुंकतायत. माणसं नुसती गोल फिरतायत. मग परत मी: "वादक आहेत माझे वडील श्री. पुंजा." शांत. "ए, लाइटच्या मधून बाजूला हो." शांत.

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, "वाजवीत का नाय तो?"

रुपी आजी म्हणाली, वाजवतोय गं, गाल फुगलंत. आईने हात पुढे केला, टीव्हीच्या काचेला लावला. मग मला म्हणाली, "हऱ्या, तूच बोलतोस. तुझा आवाज बारीक कर ना. मागनं त्याचा येल."

मी बारीक केला. पूर्ण बारीक केला. ती तशीच कान लावून बसली होती. बेचाळीस मिनिटं. मी बंद करायला गेलो तर हाताने थांबवलं, म्हणाली शेवटाला जोरात वाजवायचा तो. शेवटी माझं आभारप्रदर्शन लागलं.

अध्यक्षीय समारोप केला नाही. माणसं हळूहळू उठून गेली. जाताना मला कुणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट झालं. रुपी आजी तेवढी म्हणाली, पोरा, तुझा आवाज मात्र लय साफ आला.

कमलेशला फोन केला. मी बराच आवाज चढवून विचारलं, तारपा कुठे गेला. त्याने मला माझाच मेसेज वाचून दाखवला. "पार्श्वभूमीचा गोंगाट पूर्णपणे काढण्यात यावा." मग हळू आवाजात म्हणाला, ते जनरेटर नव्हतं भाऊसाहेब? मला काय माहीत, मी कधी तारपा ऐकलाच नाही. कच्ची फाइल? ती तुम्हीच पुसायला सांगितली. लेखी.

हे सगळं कागदावर बरोबर आहे. कुठेही माझी चूक दाखवता यायची नाही, असं रेकॉर्ड आहे. चूक मात्र माझीच आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. दुपारी २

मूळ कॅसेट! वर्ग ड असल्या तरी मूळ त्या मूळ. धावत नागलीवर गेलो. डोंगराच्या उतारावर तुकडा आहे. बांबूच्या खुंट्यांवरून काळी पट्टी आडवी-उभी ताणलेली, उन्हात चकाकत होती. चार कॅसेट मिळून हजार मीटर तर असेल. नवशाला विचारलं, यातली तीन नंबरची कोणती. तो म्हणाला, दादा, डबं फोडलं आन ओढत गेलो, कोन कोन्चा कसा कलंल. मधल्या वाऱ्यापावसात कुठे कुठे तुटली, त्याने गाठी मारल्या. म्हणजे माझं लग्न, हर्षदाचं बारसं, बाबा आणि माझा निरोप समारंभ एकमेकांना बांधलेले आहेत.

एक तुकडा सोडवून घेतला. त्यावरचा थर बोटाला लागला, तपकिरी. पुसला तर पट्टी आरपार दिसायला लागली.

तेव्हा बघितलं, बांधाच्या कडेला राखणीच्या माळ्याखाली आई बसली होती. नवशा म्हणाला, ती पट्टी लावल्यापासून रोज येतं. मला वाटलं पाखरं हाकायला. नवशा म्हणाला, तिला पाखरां कुठं दिसतात.

तिच्याजवळ गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. लेखी, मान्य, जनरेटर, सगळं. माफ कर असंही म्हणणार होतो, तसं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. तोंड उघडलं. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उगा बस. वारा येल आता."

खालून वारा आला. पट्टी थरथरली आणि घुमायला लागली. एक तार, मग दुसरी, मग सगळा उतार. सलग. दम न तोडता.

मी समजावून सांगणार होतो की असा आवाज कुठल्याही पट्टीचा येतो. त्यावर काय रेकॉर्ड आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. माझ्या लग्नाची पट्टीही असाच आवाज काढेल. पण नाही बोललो. आईने डोळे मिटले होते आणि मान थोडी वाकडी केली होती. मला रडू आलं. तिने बघितलं नाही, तिला दिसत नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर. सकाळी ९. वांगणी

मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड करायला गेलो. फोनने आपणहून मागचा गोंगाट काढून टाकला. माझा श्वास तेवढा आला.

नष्टीकरण नोंदीत दुरुस्ती: कॅसेट क्र. १ ते ४, वर्ग ड ऐवजी वर्ग अ, कायम जतन. ठिकाण: नागलीचं शेत.

नवशा म्हणतो कापणी गुरुवारपासून.